भिंतच कच्ची असेल तर नळी कशाला धरेल?
महाधमनीचा फुगवटा, बिनचिरफाडीचा उपचार आणि घराने मिळून घ्यायचा निर्णय

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव बहुतेकांना पाण्यामुळे माहीत आहे. पर्जन्यछायेतले, एकेकाळी दुष्काळाने आणि भांडणांनी पोखरलेले हे गाव १९९० च्या सुमारास सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने उभे राहिले. डोंगरउतारावर चर खणले गेले, नाल्यांवर बांध पडले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या वाचकांना या गावाची आणखी एक ओळख असेल: गावात मुस्लिम कुटुंब एकच, तरी त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधून दिली.

या गावाचा एक ठराव मात्र पाण्याइतका गाजला नाही. लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही एचआयव्ही तपासणी झाली पाहिजे, असे ग्रामसभेने ठरवले. वाचताना पहिल्यांदा चमकायला होते. रिश्त्याची बोलणी चालू असताना रक्ततपासणीचा विषय काढायचा कोणी? पण ठरावाची खुबी त्यातच आहे. तपासणी सगळ्यांचीच, म्हणून अपमान कोणाचाच नाही. कोणा एका घराकडे बोट दाखवले जात नाही.

आज लिहायचे आहे ते एचआयव्हीबद्दल नाही. ज्या आजाराबद्दल घरात असेच मोकळेपणाने बोलावे लागते, पण सहसा बोलले जात नाही, अशा एका दुखण्याबद्दल आहे. तो रक्तातून पसरत नाही, संसर्गाने होत नाही. तो वारशाने येतो, वर्षानुवर्षे गप्प राहतो, आणि एखाद्या तरण्याताठ्या माणसाला काही तासांत घेऊन जातो. या आजारात करायच्या दुरुस्तीबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक हवी: जो उपचार शेजारच्या सत्तरीच्या आजोबांना लाभला, तोच आपल्या तिशीच्या मुलाला लाभेल असे नाही.

फुगवटा म्हणजे काय?

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती छातीत कमानीसारखी वळते, पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात उतरते आणि तिथे दोन पायांसाठी दुभंगते. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देते, आणि प्रत्येक ठोक्याचा पहिला दणका हीच वाहिनी सोसते. ती सोसू शकते, कारण तिची भिंत रबरासारखी ताणते आणि परत मूळ जागी येते. हा ताण आणि ही मजबुती येते भिंतीतल्या तंतूंमुळे. त्या तंतूंच्या जाळ्याला संयोजी ऊती म्हणतात. शरीराला बांधून ठेवणारा हा सांगाडाच समजा: कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत, रक्तवाहिन्यांत, सगळीकडे तो आहे.

भिंत कमजोर झाली की दाबाखाली ती बाहेर फुगते. सायकलच्या ट्यूबला जसा एका जागी फुगा येतो, तसेच. याला डॉक्टर एन्युरिझम म्हणतात. फुगवटा दुखत नाही, ताप येत नाही. तो फुटला तर रक्तस्राव होतो. किंवा भिंतीचा आतला थर फाटतो आणि रक्त थरांच्या मधे शिरून वाहिनी उभी चिरत जाते. याला डिसेक्शन म्हणतात. हृदयाजवळच्या भागात असे झाले आणि उपचार मिळाले नाहीत, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढत जातो, असे वैद्यकीय पाठ्यपुस्तके सांगत आली आहेत.

बहुतेकांना फुगवटा येतो तो साठी-सत्तरीनंतर. वर्षानुवर्षांची विडी-सिगारेट, वाढलेला रक्तदाब, झिजलेली भिंत ही त्याची कारणे. पण काही जणांत भिंतीचे तंतूच जन्मापासून सदोष असतात. त्यांना विसाव्या, तिसाव्या वर्षी, कधी बालपणीही फुगवटा येतो. आपला विषय ही माणसे आहेत.

यातले सर्वांत ओळखीचे नाव मार्फान सिंड्रोम. पॅरिसचे डॉक्टर आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये लांबच लांब बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. त्यामागचा जनुकीय दोष १९९१ मध्ये सापडला. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. दुसरा लोइस-डिएट्झ सिंड्रोम. तो २००५ मध्ये वेगळा ओळखला गेला. त्यात धमन्या वेड्यावाकड्या वळतात आणि शरीरात कुठेही फुगवटे येऊ शकतात. तिसरा एहलर्स-डॅन्लोस सिंड्रोमचा रक्तवाहिन्यांना ग्रासणारा प्रकार. तो विरळ आहे, पण तिघांत सर्वांत नाजूक. त्यात धमनी न फुगताही फाटू शकते.

दुरुस्तीचे दोन मार्ग

पहिला मार्ग उघड्या शस्त्रक्रियेचा. छाती किंवा पोट उघडायचे, फुगलेला भाग काढायचा आणि तिथे कापडी नळी शिवायची. हे कापड म्हणजे डेक्रॉन, पॉलिस्टरचाच एक प्रकार. अमेरिकेतील ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात घरातल्या शिवणयंत्रावर अशा नळ्या शिवून पाहिल्या. लेबनॉनहून आलेल्या आईने त्यांना लहानपणीच शिवण शिकवली होती. पुढे वयाच्या ९७ व्या वर्षी खुद्द डिबेकींचीच महाधमनी चिरली. त्यांनीच घडवलेल्या वाटेने त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते ९९ वर्षांपर्यंत जगले.

मार्फानच्या रुग्णात फुगवटा बहुतेक वेळा महाधमनीच्या अगदी मुळाशी, हृदयाला लागून असतो. त्यासाठी लंडनचे ह्यू बेंटॉल यांनी १९६८ मध्ये झडपेसकट मूळ बदलण्याची पद्धत दाखवली. टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांनी रुग्णाची स्वतःची झडप राखून मूळ बदलण्याची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. या शस्त्रक्रियांनी किती फरक पडला? अमेरिकेत १९७२ च्या एका अभ्यासात मार्फानच्या रुग्णांचे मृत्यूचे सरासरी वय ३२ निघाले होते. १९९५ च्या अभ्यासात निम्मे रुग्ण सत्तरी ओलांडतील असे दिसले. एका पिढीत आयुष्य बरेच वाढले. त्यात वेळेवर निदानाचा वाटाही मोठा आहे.

दुसरा मार्ग बिनचिरफाडीचा. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी आत सरकवतात. तिच्या टोकाशी दाबून बसवलेली, धातूच्या जाळीची आणि कापडाची दुसरी नळी असते. तिला स्टेंट ग्राफ्ट म्हणतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती फुगवट्यापर्यंत नेतात आणि तिथे सोडतात. ती छत्रीसारखी उघडते. रक्त आता तिच्या आतून वाहते, फुगवट्यावरचा दाब जातो. छातीच्या महाधमनीत असे पहिल्यांदा १९८७ मध्ये खारकीव्हच्या निकोलाय वोलोदोस यांनी केले. पोटातल्या महाधमनीसाठी १९९० मध्ये ब्वेनोस आयरेसच्या हुआन पारोडी यांनी. वय झालेल्या, हृदय-फुफ्फुसे कमजोर असलेल्या माणसांना या पद्धतीने मोठा दिलासा दिला. छाती फाडायची नाही, रक्त फारसे जात नाही, काही दिवसांत माणूस घरी.

मग कोणत्या अम्मी-अब्बांना वाटणार नाही, की आपल्या मुलालाही हेच करावे?

काठ ढासळता असेल तर

उत्तर समजायला पुन्हा हिवरे बाजारच्या नाल्यावर जाऊ. बांध घालणाऱ्या कोणालाही विचारा. बांध मध्यभागी कितीही भक्कम असो, त्याची दोन्ही टोके घट्ट, मुरमाड काठात रुतलेली नसतील तर पाणी कडेने वाट काढते. आणि काठच भुसभुशीत असेल तर बांधाच्या वजनानेच तो ढासळतो.

स्टेंट ग्राफ्टचे तसेच आहे. ती नळी शिवलेली नसते. ती फक्त दाबून बसलेली असते. फुगवट्याच्या वर आणि खाली साधारण दोन सेंटीमीटर तरी निरोगी भिंत लागते. त्या भिंतीवर नळीची टोके बाहेरच्या बाजूला जोर देऊन टेकतात. घट्ट बसावी म्हणून नळी सहसा वाहिनीपेक्षा दहा ते वीस टक्के मोठीच निवडतात. वृद्ध माणसाची फुगवट्यापलीकडची भिंत हा जोर वर्षानुवर्षे सोसते.

मार्फान किंवा लोइस-डिएट्झच्या रुग्णात मात्र फुगवट्यापलीकडची भिंतही त्याच सदोष तंतूंची असते. आज ती निरोगी दिसते, मापात बसते. पण तिच्यावर अहोरात्र जोर दिला, तर तीही पसरू लागते. मग तीन गोष्टी घडू शकतात. नळीच्या कडेने रक्त पुन्हा फुगवट्यात शिरते. नळीच्या टोकाशी भिंत नव्याने फाटते. किंवा चीर उलटी, हृदयाच्या दिशेने सरकते. ही सर्वांत जीवघेणी. कधी नळी जागा सोडून घसरते. यातले काही दिवसांत होते, काही पाच-सात वर्षांनी.

इथेच वयाचा हिशोबही येतो. पंचाहत्तरीच्या माणसाला नळी दहा वर्षे टिकली, तरी तिने आपले काम केले. तिशीच्या माणसाला ती पन्नास वर्षे टिकायला हवी. दर वर्षी सीटी स्कॅन आणि मधेच कधीतरी दुसरी, तिसरी दुरुस्ती, हे त्याच्या वाट्याला येते. शिवाय फसलेली नळी काढून उघडी शस्त्रक्रिया करणे हे पहिल्यांदाच ती करण्यापेक्षा अवघड असते.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत दिसत नाही. या नळ्या ज्या मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाल्या, त्यांत वारशाने तंतू सदोष असलेल्या रुग्णांना सहसा घेतलेलेच नव्हते. म्हणून जगभरचे तज्ज्ञ आजही सांगतात की अशा रुग्णात, तब्येत सोसत असेल तर, शिवून केलेली उघडी दुरुस्ती हाच पहिला पर्याय. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वेही याच बाजूची आहेत. कापडाची नळी शिवताना सर्जन कमजोर भिंतीला बाहेरून पट्टीचा आधार देतो, टाका डोळ्यांनी पाहतो. हा आधार आतून उघडणाऱ्या नळीला मिळत नाही.

आणि हृदयाला लागून असलेल्या मुळाचा फुगवटा, जो मार्फानमध्ये सर्वाधिक दिसतो, तिथे नेहमीची स्टेंट ग्राफ्ट बसवताच येत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या तिथूनच फुटतात आणि झडपही तिथेच असते. म्हणजे "ऑपरेशन नको, नळीच टाका" हा आग्रह तिथे अर्थहीन ठरतो.

मग नळी कोणाला उपयोगी?

याचा अर्थ ही पद्धत अशा रुग्णांना वर्ज्य आहे, असा नाही. तीन प्रसंगी ती जीव वाचवते.

पहिला प्रसंग आणीबाणीचा. छातीतली महाधमनी फुटली आहे, रक्त साचते आहे, उघड्या शस्त्रक्रियेपर्यंत माणूस टिकणार नाही. अशा वेळी नळी टाकून रक्त थांबवायचे आणि तब्येत सावरल्यावर पक्क्या दुरुस्तीचा विचार करायचा. हा तात्पुरता पूल आहे, हे घरच्यांना आधीच कळायला हवे.

दुसरा प्रसंग उघडी शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रुग्णाचा. फुफ्फुसे खराब, छाती आधी दोन-तीनदा उघडलेली, मूत्रपिंडे थकलेली. तिथे कमी वाईट ते निवडावे लागते.

तिसरा प्रसंग सर्वांत आश्वासक. ज्याच्या महाधमनीचे काही भाग आधीच कापडी नळीने बदलले आहेत आणि मधला तुकडा आता फुगला आहे, त्याच्यात स्टेंट ग्राफ्टची दोन्ही टोके जुन्या कापडात टेकवता येतात. कापड पसरत नाही. म्हणजे काठ पक्का मिळाला. यासाठी काही सर्जन पहिल्याच शस्त्रक्रियेत पुढची सोय करून ठेवतात. जर्मनीतील हॅनोव्हरचे हान्स बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत कमान बदलताना कापडी नळीचे एक टोक खाली छातीतल्या महाधमनीत मोकळे लोंबते सोडतात. तिला नावच पडले "हत्तीची सोंड". पुढे कधी खालचा भाग फुगला, तर नवी नळी त्या सोंडेला जोडता येते. आज पायाचा दगड ठेवताना उद्याच्या मजल्याचा विचार करावा, तसे.

एहलर्स-डॅन्लोसच्या त्या नाजूक प्रकारात मात्र नियम आणखी कडक आहेत. तिथे जांघेतल्या धमनीत सुई टोचणेसुद्धा धोक्याचे, कारण टोचलेल्या जागी धमनी फाटू शकते. म्हणून तपासणीसाठी धमनीत नळी घालून अँजिओग्राफी करण्यापेक्षा सीटी किंवा एमआरआय बरे. एखादी मधली धमनी फुटून रक्त वाहत असेल, तर आतून बारीक तारेची गुंडाळी सोडून ती बंद करतात. पण हे काम अनुभवी हातांचे. घरात हा आजार असेल, तर कोणतीही सुई, दुर्बीण किंवा ऑपरेशन होण्याआधी तो डॉक्टरांना सांगणे हीच पहिली खबरदारी.

एकाला निघाला, तर सगळ्यांची तपासणी

फ्लो हायमन ही अमेरिकेची नामवंत व्हॉलीबॉलपटू होती. उंची सहा फूट पाच इंच. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने रौप्यपदक मिळवले. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर बसली आणि तिथेच कोसळली. वय ३१. शवविच्छेदनात कारण कळले: मार्फान आणि फाटलेली महाधमनी. तिची उंची, लांब हात, सडपातळ बांधा सगळ्यांनी कौतुकाने पाहिला होता. आजाराची खूण म्हणून कोणी पाहिला नव्हता. तिच्या मृत्यूनंतर भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच आजार निघाला आणि शस्त्रक्रिया वेळेत होऊ शकली.

आजार घराण्यात चालतो, हे निरीक्षण जुने आहे. कुर्तुब्याजवळचे थोर शल्यविशारद अबुल कासिम अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी एका गावातील अशा पुरुषांबद्दल लिहिले, ज्यांच्या लहानशा जखमेतूनही रक्त थांबत नसे. त्याच ग्रंथात धमनीच्या फुगवट्यावर चाकू चालवण्याआधी दहादा विचार करावा, असा इशाराही आहे.

मार्फान, लोइस-डिएट्झ आणि एहलर्स-डॅन्लोसचा तो प्रकार, तिन्हींचा वारसा बहुधा एकाच पद्धतीने जातो. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. मार्फानच्या चारपैकी साधारण एका रुग्णात घरात कोणालाच नसताना दोष नव्याने उद्भवतो. म्हणून "सुनेने आणला" की "आमच्या खानदानात नव्हता" हा वाद निरर्थक आहे. यात कोणाचा गुन्हा नाही.

कोणत्या खुणा पाहाव्यात? उंच, सडपातळ बांधा. उंचीपेक्षा जास्त भरणारा दोन्ही हातांचा पसारा. मूठ मिटल्यावर पलीकडे डोकावणारा अंगठा. आत खचलेली किंवा पुढे आलेली छाती, पाठीचा बाक, सपाट तळवे. लहानपणीच मोठा चष्मा किंवा डोळ्यातले भिंग सरकलेले. दुभंगलेली पडजीभ. कातडी इतकी पातळ की शिरा दिसाव्यात, आणि किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग. यातली एखादी खूण असली म्हणजे आजार आहे असे नव्हे. उंच मुले तर घरोघरी असतात. पण तीन-चार खुणा एकत्र दिसल्या, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक, "छातीत कळ येऊन" गेले असेल, तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, करून घ्यावी. ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते. ती दुखत नाही, सुई टोचत नाही, आणि महाधमनीच्या मुळाचे माप देते. बाकीच्या महाधमनीसाठी सीटी किंवा एमआरआय लागतो. निदान झाले की पहिल्या सहा महिन्यांनी पुन्हा, आणि माप स्थिर असेल तर दरवर्षी, असा साधारण क्रम असतो.

माप का महत्त्वाचे? मार्फानमध्ये मूळ पाच सेंटीमीटरला पोहोचले की सहसा शस्त्रक्रिया सुचवतात. घरात कोणाची महाधमनी फाटलेली असेल किंवा फुगवटा झपाट्याने वाढत असेल तर त्याआधीच. लोइस-डिएट्झमध्ये साडेचार किंवा त्याहून कमी मापालाही. ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि फाटल्यावर मध्यरात्री केलेली शस्त्रक्रिया यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नात्यातले निकाह आणि हा आजार

आपल्याकडे चुलत-मामे नात्यात निकाह होतात, म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही. वर सांगितलेले तीन आजार नात्यातल्या लग्नामुळे होत नाहीत. ते एका पालकाकडूनच येऊ शकतात. पण धमन्या कमजोर करणारे काही विरळ आजार असे आहेत, की ज्यात आई आणि वडील दोघेही निरोगी दिसतात, दोघांच्याही अंगात दोषाची एकेक प्रत लपलेली असते आणि बाळाला दोन्ही मिळतात. कोचीच्या अमृता रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ मध्ये असा एक आजार मांडला. २२ अर्भकांच्या महाधमन्या जन्मतःच फुगलेल्या आणि वळणावळणाच्या होत्या, आणि सर्वांत एकच जनुकीय दोष निघाला. ती मलबारकडच्या मुस्लिम कुटुंबांतली होती. त्यातली बहुतेक बाळे वाचली नाहीत. इतक्या लहान जीवात ना नळी बसते, ना टाका धरतो.

एकाच घराण्यात, एकाच बिरादरीत पिढ्यान्‌पिढ्या लग्ने झाली, की असे लपलेले दोष समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. म्हणून घरात कोणाचे बाळ धमन्यांच्या अशा आजाराने गेले असेल, तर पुढचा नात्यातला रिश्ता ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत तो मिळतो. रिश्ता मोडण्यासाठी तो घ्यायचा नाही. डोळे उघडे ठेवून निर्णय व्हावा, यासाठी घ्यायचा आहे.

यातली खरी अडचण वेगळी आहे. मुलीच्या निकाहला बाधा येईल म्हणून घरे आजार लपवतात. मुलगी सासरी जाते, दिवस राहतात, आणि गरोदरपणात, किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, जेव्हा महाधमनीवरचा ताण सर्वाधिक असतो, तेव्हा ती फाटते. महाधमनी साडेचार सेंटीमीटरच्या पुढे असेल तर सहसा आधी शस्त्रक्रिया, मग बाळ, असा सल्ला देतात. लोसार्टनसारख्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात, त्या आधीच बदलाव्या लागतात. हे सगळे शक्य आहे. पण सासरी आणि डॉक्टरांना माहीत असेल तरच. लपवलेला आजार मुलीची इज्जत वाचवत नाही. तिचा जीव धोक्यात घालतो.

घरात पाळायच्या गोष्टी

रक्तदाब आणि नाडीचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या फुगवट्याची वाढ मंदावतात. बरे वाटते म्हणून त्या सोडायच्या नाहीत. रमजानमध्ये सहरी आणि इफ्तारच्या वेळी त्या कशा घ्यायच्या, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. स्वतःहून बंद करू नयेत. चालणे, हलका व्यायाम चांगला. श्वास कोंडून वजन उचलणे, जिममधले जड डंबेल, ओढाताणीचे खेळ टाळावेत. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद.

एक गोष्ट औषधांच्या दुकानाशी. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिके जुलाब आणि लघवीच्या जळजळीसाठी आपल्याकडे सर्रास घेतली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला, की महाधमनीचा फुगवटा, मार्फान किंवा एहलर्स-डॅन्लोस असलेल्यांना दुसरा पर्याय असताना ही औषधे देऊ नयेत, कारण महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो. घरात असा रुग्ण असेल तर चिठ्ठीशिवाय अशी गोळी आणू नये.

आणि आणीबाणी. छातीत किंवा दोन खांद्यांच्या मधे अचानक, काहीतरी फाटल्यासारखी कळ आली, तर गॅस समजून सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. पोहोचल्यावर पहिले वाक्य असावे, "याला महाधमनीचा आजार आहे." कारण ईसीजी साधारण निघू शकतो, आणि हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करणारे इंजेक्शन दिले गेले तर अनर्थ होतो. रिपोर्टची फाइल घरात सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी.

खर्चाबद्दल. स्टेंट ग्राफ्टची किंमतच लाखांत जाते आणि नंतरच्या स्कॅनचा खर्च वेगळा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आता आहे. आपल्याला सांगितलेली नेमकी शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. आणि सर्जनला तीन प्रश्न विचारायला संकोच करू नये. माझ्या मुलाला तंतूंचा आजार आहे, तरीही नळी का? नळीची टोके कशात बसणार, त्याच्या स्वतःच्या भिंतीत की जुन्या कापडात? पाच वर्षांनी नळी फसली तर पुढे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. घाई नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

पाऊस कसा झाला, विहिरीत पाणी किती, हे पाहून हिवरे बाजारचे लोक ग्रामसभेत पिके ठरवतात. पाणी कमी असेल तर ऊस नको, हे तिथे सगळ्यांसमोर बोलले जाते, म्हणून पाळले जाते. घरातल्या आजाराचेही तसेच करता येईल. दस्तरखानावर सगळे एकत्र बसलेले असताना एकदा विचारा: आपल्या दादा-नानांच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेले होते का? कोणाच्या डोळ्यातले भिंग सरकले होते का? कोणाचे बाळ हृदयाच्या दुखण्याने गेले होते का? म्हाताऱ्या खाला-फुफीला या गोष्टी आठवत असतात. त्या गेल्या की ती माहितीही जाते. उत्तरे एका वहीत लिहून ठेवा. शिफासाठी दुआ तर आपण करतोच. ती वही डॉक्टरांसमोर उघडणे, हे आपले काम आहे.